नाव कळेपर्यंत

सत्यनारायणाच्या पोथीतला चौथा अध्याय आला की आमच्या बायका सावरून बसतात. साधुवाणी जावयाला घेऊन परदेशातून परतलेला असतो, नाव काठाला लागलेली असते आणि निरोप्या घरी पोचतो. घरात पूजा चाललेली. आई पुढं निघते, लेकीला म्हणते, आटपून ये. कलावती पूजा आटपते खरी, पण प्रसाद न घेताच नवऱ्याला बघायला धावत सुटते. देवाचा कोप होतो आणि काठाशी आलेली नाव नवऱ्यासकट गडप होते. पोरगी मागं फिरून प्रसाद घेते, तेव्हा कुठं तो परत दिसतो. इतर घरांत ही गोष्ट प्रसादाचा मान राखावा म्हणून ऐकतात. आमच्याकडं ऐकणारीचा नवरा खरोखरच पाण्यावर असतो. त्यामुळं तिला त्यातून एकच ऐकू येतं: तुझ्या हातून काही राहिलं, तर त्याची बोट जाईल.

नवऱ्यासाठी देवाकडं काय मागावं, आणि आपण मागतो ते कुणाच्या वाट्यातून येतं, हा प्रश्न आमच्या मंडळात पुन्हापुन्हा निघतो. त्याबद्दल मला जे वाटतं ते लिहायचं आहे.

मंडळ म्हणजे नोंदणी, पाटी, अध्यक्ष असलं काही नाही. पळस्पे फाट्याच्या आसपासच्या नव्या-जुन्या इमारतींतल्या, नवरा बोटीवर असलेल्या बायका महिन्यातल्या एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो, इतकंच. मुंबई-पुणे जुना रस्ता इथून जातो, गोव्याचा रस्ता इथंच फुटतो आणि न्हावाशेवा बंदराचाही. रात्रंदिवस ट्रेलर चालू असतात. नवरा ज्या कंपनीच्या जहाजावर आहे, तिचं नाव लिहिलेला कंटेनर समोरून गेला की मुलं गॅलरीतून ओरडतात, "आई, पप्पांचा डबा!" भरती करणाऱ्या एजंटांची ऑफिसं बेलापूरला आणि मुंबईला, पण तिथं घर परवडत नाही, म्हणून माणसं इकडं येऊन राहिली. कोकणातल्या आहेत, साताऱ्या-सांगलीच्या आहेत, केरळच्या, बिहारच्या आहेत, एक गोव्याची आहे. आमच्या बोलण्यातले शब्दही सगळे बोटीचेच. कुणाचा साइन ऑफ कधी, कुणाचा रिलीव्हर आला नाही म्हणून मुक्काम वाढला, कुणाचं पगारातून घरी येणारं अलॉटमेंट या महिन्यात उशिरा पडलं. अधिकारी चार-सहा महिन्यांत उतरतात, खलाशी नऊ महिन्यांनी. कोविडच्या वर्षी तो हिशेब पार कोलमडला. जगभर चार लाखांच्या आसपास दर्यावर्दी मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले होते, त्यांत आमच्यापैकीही काहींची माणसं होती.

माझं माहेर माणदेशातलं, म्हसवडजवळचं. समुद्र मी लग्न ठरल्यावर पाहिला. माझ्या लहानपणी गावात नवस बोलला जायचा तो पावसासाठी. सिद्धनाथाच्या देवळात माणसं बसायची, ती काही माझ्याच शेतात पाड म्हणून बसायची नाहीत. म्हणता आलं असतं, पण ढग आला तर तो सगळ्या शिवारावर येणार हे पोरांनाही ठाऊक होतं. वैऱ्याच्या बांधावर पाऊस पडू नये अशी इच्छा ज्याच्या मनात असेल, त्यालाही आपल्यासाठी मागताना वैऱ्यासाठी मागावंच लागायचं. त्या मागण्यातच एक न्याय होता. लग्न होऊन इकडं आले, नवरा टँकरवर इंजिनिअर, आणि मागण्याची तऱ्हाच बदलली. आता हजारो जहाजांतलं एक जहाज, त्यातल्या वीस-पंचवीस माणसांतला एक माणूस. बोट धरून दाखवावं तसं देवाला सांगायचं, हा.

त्यात हल्ली फोन आला. जहाज कुठं आहे ते दाखवणारं ॲप आमच्यातल्या प्रत्येकीकडं आहे. निळ्या पाण्यावर बाण असतात, मालवाहू जहाजं हिरवी, टँकर लाल. बाणावर बोट टेकलं की नाव येतं, वेग येतो, कुठल्या बंदराला चाललंय ते येतं, आणि खाली शेवटचा सिग्नल किती वेळापूर्वी मिळाला तेही येतं. किनाऱ्यालगत तो आकडा मिनिटांत असतो. जहाज खोल समुद्रात गेलं की किनाऱ्यावरच्या यंत्रांच्या टप्प्याबाहेर जातं, मग तास होतात, दिवस होतात, बाण एका जागी गोठतो. तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर काही जहाजं तो सिग्नल मुद्दाम बंद ठेवायला लागली, म्हणजे सुरक्षित राहायचं तर बायकोच्याही नजरेआड व्हायचं. आमच्यातल्या एकीच्या देव्हाऱ्यात समईच्या शेजारी फोन उभा करून ठेवलेला असतो, त्यावर तो लाल बाण. ती त्याला हळदकुंकू लावत नाही एवढंच. मला त्यात थट्टा करण्यासारखं काही वाटत नाही. जिथं जीव गुंतला आहे तिथं दिवा लावणं हीच तर पूजा.

13 एप्रिल 2024, शनिवार. होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणच्या सैनिकांनी हेलिकॉप्टरमधून दोरानं उतरून एक कंटेनर जहाज ताब्यात घेतलं. जहाज निघालं होतं आपल्याच न्हावाशेवाला, म्हणजे त्यातले डबे आमच्या गॅलरीखालून जायचे होते. पंचवीस माणसं, त्यांतले सतरा भारतीय. बातमीत आधी एवढंच आलं की जहाज पकडलं. मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपवर एकच शब्द पडत राहिला, "कुठलं?" त्या वेळी आखातात आमच्यातल्या तिघींची माणसं होती, त्यांत माझाही होता. नाव कळायला फार वेळ लागला नाही. एमएससी एरीज. मग एकेकीचा निरोप आला, "आपलं नाही." हात जोडल्याची चित्रं आली. देव पावला, असंही कुणी लिहिलं.

तो निरोप मी बराच वेळ बघत बसले. बातमी येते तेव्हा घडायचं ते घडून गेलेलं असतं. दोर खाली सोडलेले असतात, सैनिक डेकवर उतरलेले असतात, ज्या जहाजाचं जे व्हायचं ते झालेलं असतं. राहिलेलं असतं फक्त नाव आपल्या कानावर पडायचं. त्या मधल्या वेळात आपण म्हणतो, देवा, ते त्याचं नसू दे. या मागण्याचा अर्थ काय होतो? पंचवीस माणसं पकडली गेली आहेत, हे तर मागणं बदलत नाही. ते कुणीतरी पंचवीस आहेतच. मग त्या मागण्यात एकच गोष्ट उरते, ती पंचवीस माणसं दुसऱ्या कुणाची असू देत. ही इच्छा कुणी मनात आणून केलेली नसते. आमच्यातली एकही बाई तोंडानं तसं बोलणार नाही. पण वाक्य सोलून पाहिलं तर आत दुसरं काही निघत नाही.

आमच्या ओळखीच्या एका कीर्तनकार बुवांना मी हे विचारलं. ते म्हणाले, ताई, देवाला काळ नाही. तुम्ही शनिवारी संध्याकाळी हात जोडणार हे त्याला सकाळीच ठाऊक, त्यानं त्याप्रमाणे आधीच व्यवस्था केली असेल. उत्तर हुशारीचं आहे आणि मी ते उडवून लावत नाही. देव काळाच्या पलीकडं असेल तर मागाहून केलेली प्रार्थनाही त्याला आधी पोचू शकते, हे मान्य. पण मग माझ्या प्रार्थनेनं सकाळी तो दोर कुणाच्या जहाजावर वळवला? त्या जहाजावर केरळची एक तरुण मुलगी शिकाऊ अधिकारी म्हणून होती. तिला 18 एप्रिलला घरी आणलं, बाकीच्यांना आणखी थांबावं लागलं. तिच्या आईनं हात जोडलेच नसतील का? देवाची व्यवस्था म्हणजे कुणाची हाक आधी लागली याचा हिशेब असेल, तर तसल्या देवापुढं मला बसवणार नाही. (जाता जाता: पोथीत नावेवर फक्त पुरुष असतात. आता मुलीही जातात. कलावती स्वतःच बोटीवर असेल तेव्हा प्रसाद कुणी घ्यायचा, हे कुणी अजून लिहिलेलं नाही.)

त्याच वर्षी मार्चमध्ये एडनच्या आखातात ट्रू कॉन्फिडन्स नावाच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. तिघे गेले, फिलिपिन्सचे दोन आणि व्हिएतनामचा एक. आयएनएस कोलकाता तिथं पोचली आणि तिनं 21 जणांना वाचवलं, त्यांत एक भारतीय. आमच्याकडच्या मथळ्यांत तो एक भारतीय सुखरूप होता. ते बरोबरच, आपला माणूस आपण आधी मोजणार. पण बोटीवरच्या माणसांशी ज्यांचा संसार जोडला आहे, त्यांना फिलिपिन्सची माणसं परकी कशी म्हणता येतील? माझ्या नवऱ्याच्या इंजिन रूममध्ये वर्षानुवर्षं त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात ते फिलिपिनोच. व्हिडिओ कॉलवर मागून हात हलवतात. त्याला डेंग्यूसारखा ताप आला होता तेव्हा कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवणारा त्यांच्यातलाच होता. मनिलाकडच्या कुठल्या तरी घरात त्या मार्चमध्ये "आपलं नाही" असा निरोप कुणी पाठवला नसेल.

आमच्यात एक आहे, पस्तिशीच्या आतली. तिचा नवरा बोटीवर असतानाच गेला. कसा, ते इथं सांगत नाही, तो तिचा भाग आहे. देह घरी यायला बरेच आठवडे लागले, कागदपत्रांतच ते गेले. त्या काळात सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईनं तिला विचारलं, सोळा सोमवारांतला एखादा मोडला होता का गं? विचारणारी दुष्ट नव्हती. तिनं जन्मभर जे ऐकलं होतं, त्यावरून तिला कारण शोधावंसं वाटलं. कलावतीच्या गोष्टीचा हा सरळ निष्कर्ष आहे. व्रतानं बोट तरते हे खरं मानलं, तर बोट बुडाली याचा अर्थ व्रतात खोट. पुढं ती मुलगी कित्येक महिने आठवत बसली, कुठल्या सोमवारी चहात दूध जास्त पडलं होतं, कुठल्या दिवशी पाळी आली म्हणून खंड पडला होता. तिनं हे मला हॉलच्या मागं, खुर्च्या रचताना सांगितलं.

तेव्हापासून मी एक कसोटी धरून आहे. जी प्रार्थना तिच्या शेजारी बसून मोठ्यानं म्हणता येत नाही, ती मला म्हणायची नाही. "देवा, तू माझा सांभाळलास, कारण मी तुझं सगळं केलं" हे वाक्य तिच्यासमोर उच्चारून बघा. जीभ रेटत नाही. तौक्ते वादळात 17 मे 2021 ला मुंबई हायजवळ पी-305 नावाचा बार्ज बुडाला. अडीचशेच्या वर माणसं त्यावर होती, सत्तरच्या वर गेली. नांगर तुटले, बार्ज तेलाच्या फलाटावर आदळला, वादळाचे इशारे आधीच येऊन गेलेले होते. त्या सत्तर घरांतल्या बायकांनी उपास नीट केले नव्हते असं म्हणणारा देवाला तर ओळखत नाहीच, समुद्राला आणि माणसांच्या हलगर्जीपणालाही ओळखत नाही.

मग मागायचंच नाही का? असंही मला म्हणायचं नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत पहिला आर्त, संकटात हाक मारणारा. ज्ञानी भक्त श्रेष्ठ खरा, पण भगवंतांनी आर्ताला हाकलून दिलेलं नाही. चौघांनाही उदार म्हटलं आहे. ज्याचं माणूस पाण्यावर आहे त्यानं निरिच्छ व्हावं, हे सांगणारा बहुधा जमिनीवर, घरच्यांत बसलेला असतो. नवसाच्या व्यवहारावर तुकोबांनी कठोर टीका केली आहे, ती देवघेवीवर. विठ्ठलाला हाक मारू नका असं ते कधी म्हणाले नाहीत, त्यांनी स्वतः जन्मभर दुसरं काही केलं नाही.

मला वाटतं, मागण्याची रीत आपल्याकडं होतीच, आपण तिचा अर्धा भाग विसरलो. वटपौर्णिमेला ज्या सावित्रीचं नाव घेतो तिची महाभारतातली गोष्ट नीट वाचावी. यमानं वर माग म्हटल्यावर तिनं आधी आंधळ्या सासऱ्याची दृष्टी मागितली, मग त्याचं गेलेलं राज्य, मग वडिलांना मुलगे. सत्यवानाचं जीवित सगळ्यात शेवटी आलं. आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्या कुणाचा नवरा यमानं नेला असं कुठं नाही. ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी करून जे पसायदान मागितलं, त्यात स्वतःसाठी काहीच नाही. सगळ्या भूतमात्रासाठी आहे, वाईट वागणाऱ्यांसाठीसुद्धा. माणदेशातल्या पावसासारखं.

हे फक्त आपल्यात आहे असंही नाही. आमच्यातली श्रीवर्धनकडची वहिनी, जिच्या सासरी खलाशांच्या पिढ्या झाल्या, तिनं सांगितलं की तिच्या आजेसासूबाई पाण्यावर निघालेल्या प्रत्येकाला पाण्याचा राखणदार मानलेल्या ख्वाजा खिज्रच्या हवाली करायच्या. तिनं दुसरीही एक गोष्ट सांगितली, ती मला फार लागली. हदीसमध्ये आहे म्हणे, जो समोर नाही अशा भावासाठी तुम्ही दुआ मागता, तेव्हा एक फरिश्ता म्हणतो, आमीन, आणि तुलाही तेच मिळो. समोर नसलेला! आमचं सगळं आयुष्यच समोर नसलेल्या माणसाबरोबर. गोव्याच्या मैत्रिणीनं धोबी तलावच्या कुडींचं सांगितलं. एकेका गोव्याच्या गावाची मुंबईतली कूड म्हणजे खलाशांचा क्लबच. जहाज मिळेपर्यंत माणूस तिथं राही, भिंतीशी रांगेनं पेट्या, आणि संध्याकाळी वेदीपुढं तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकवायची नाही असा नियम. तिचे आजोबा अशा एका कुडीत उतरायचे. जो जहाजावर चढला त्याची पेटी मागं राही आणि बाकीचे त्याच्यासाठी तेर्स म्हणत. उद्या ते चढणार, मग दुसरे त्यांच्यासाठी म्हणणार. आपल्यासाठी आपण मागायची फारशी गरजच उरत नसे.

आमच्या मंडळात यातूनच एक नियम आला. कुठल्याही जहाजाची वाईट बातमी आली की नाव कळेपर्यंत कुणी "आपलं नसू दे" म्हणायचं नाही, आणि कळल्यावर "आपलं नाही" असं ग्रुपवर लिहायचं नाही. त्या जहाजावर माणसं किती, कुठल्या देशांची, हे कळेल तेवढं लिहायचं, आणि रविवारी जमल्यावर त्यांच्यासाठी जिनं-तिनं आपापल्या रीतीनं म्हणायचं. पसायदान, तेर्स, दुआ. कुणी गप्प बसते. मग त्याच बैठकीत कागद काढायचे. सीडीसीची, म्हणजे दर्यावर्दीच्या नोंदपुस्तिकेची मुदत, वारस म्हणून नाव नीट लागलं आहे का, करारात मृत्यू किंवा अपघाताच्या भरपाईचं कलम काय आहे, युनियनचा नंबर. 2017 पासून जहाजमालकाला अशा दाव्यांसाठी विम्याची हमी ठेवावी लागते आणि तिचा दाखला जहाजावर लावावा लागतो, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना ठाऊक नव्हतं. हे काम मी प्रार्थनेपासून वेगळं धरत नाही. आपल्याकडचे कोळी नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, पण त्याआधी पावसाळ्याचे महिने होड्या ओढून काठावर ठेवलेल्या असतात. आधी खवळलेल्या पाण्याचा मान राखायचा, मग मागायचं. मोठ्या जहाजांना तशी बंदी नाही, ती बारमाही चालतात. म्हणून तो मान कागदावर, कलमांत राखून घ्यावा लागतो.

नियमावरून वाद झाला. गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "काकू, मला नाही जमणार. त्याच्या समुद्रातली बातमी आली तर माझ्या तोंडून त्याचंच नाव येणार." तिचं खरं आहे. माझ्याही तोंडून अजून पहिलं त्याचंच येतं. मी पुढची नावं जोडायला शिकले, इतकंच. आमच्यातल्या सगळ्यात वडील काकूंनी, ज्यांचे यजमान राजेंद्र या प्रशिक्षण जहाजावर शिकलेले आणि ज्यांनी सगळा संसार पत्रांवर काढला, निकाल दिला की पहिल्या खेपेच्या बायकोला हा नियम लागू नाही. अशी बातमी आली तर तिला फोन करत बसायचं नाही, कुणीतरी थेट तिच्या घरी जायचं.

कोण जाणार म्हटल्यावर आमची ती पस्तिशीच्या आतली मैत्रीण म्हणाली, "मी जाईन." हॉलमध्ये एकदम शांतता झाली. दोघीतिघींनी एकमेकींकडं पाहिलं. नव्या नवरीच्या दारात, नेमक्या त्याच वेळी, ही? कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं, तिलाही. काकूंनी वही पुढं ओढली आणि त्या मुलीच्या फ्लॅट नंबरापुढं तिचं नाव लिहिलं. मग नव्या मुलीला म्हणाल्या, "घराची एक किल्ली हिच्याकडं देऊन ठेव." मुलीनं पर्समधून जुडगा काढला आणि कडीतून एक किल्ली सोडवायला लागली.